‘कोर्ट’मध्ये दाखल न झालेला खटला

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ मी पहिल्यांदा पाहिला तो हॉस्टेलच्या खोलीत, एका लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसून. तेव्हा आम्हा सगळ्यांना तो नारायण कांबळे या शाहिराचा सिनेमा वाटला होता. अभिव्यक्तीस्वातंत्र्य, यंत्रणेची मुजोरी, तारखांवर तारखा यांवर रात्रभर चर्चा झाली. गेल्या महिन्यात तो पुन्हा पाहिला आणि लक्षात आलं, की ज्या माणसाच्या मरणामुळे हा सगळा खटला उभा राहतो, त्याचं नावसुद्धा मला आठवत नव्हतं. वासुदेव पवार. मॅनहोलमध्ये उतरणारा सफाई कामगार.

कथा अनेकांना ठाऊक असेल. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा सिनेमा. गटारात एक कामगार मेलेला सापडतो. पोलीस म्हणतात, ही आत्महत्या आहे. वस्तीत कांबळेने एक गाणं म्हटलं, मॅनहोल कामगारांनी जीव द्यावा असं त्यात होतं, ते ऐकून पवारने जीव दिला. म्हणून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा, भारतीय दंड संहितेच्या कलम ३०६चा गुन्हा. इथून पुढे कोर्ट ज्या प्रश्नाभोवती फिरत राहतं तो प्रश्न असा : या माणसाला मरायला कोणी भरीस घातलं? त्याला खाली कोणी उतरवलं, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. सरकारी वकील विचारत नाही, न्यायाधीश विचारत नाहीत. बचावाचा वकील या प्रश्नाच्या अगदी जवळ जातो, पण त्याला त्याचं उत्तर फक्त आपल्या अशिलाला सोडवण्यापुरतं हवं असतं. त्याचं चूक आहे असं नाही. त्याचं काम तेवढंच आहे.

माझ्या मते ‘कोर्ट’चं खरं केंद्र पवारच्या बायकोची, शर्मिलाची साक्ष आहे. काही मिनिटांचं दृश्य. कॅमेरा हलत नाही, पार्श्वसंगीत नाही. ती सपाट आवाजात सांगते : नवरा दारू पिऊन उतरायचा, कारण त्याशिवाय तो वास सहन व्हायचा नाही. गॅसमुळे त्याचा एक डोळा गेला होता. सुरक्षेची साधनं नव्हती. उतरण्याआधी तो आत झुरळं दिसतात का ते बघायचा. झुरळं असली म्हणजे आत ऑक्सिजन आहे.

इंजिनिअर म्हणून मी त्या झुरळापाशी अडकलो. झुरळ हा त्याचा सेन्सर आहे. हायड्रोजन सल्फाइडचा दुष्टपणा असा, की प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो तेव्हाच इशारा बंद पडतो. त्यासाठीच गॅस मोजायचं यंत्र असतं, खिशाला अडकवता येईल एवढं. ते न देता माणसाला खाली सोडणं म्हणजे अलार्मची वायर कापून मशीन चालू ठेवणं.

आता हीच साक्ष दुसऱ्या एका कायद्याच्या चौकटीत ठेवून बघू. अपकृत्याचा कायदा, म्हणजे एकाच्या हयगयीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई मागण्याचा दिवाणी कायदा. आपल्याकडे त्याची एक संहिता नाही, तो बराचसा निकालांतून घडत आला आहे. पण त्याचे मुख्य प्रश्न साधे आहेत. काळजी घेण्याचं कर्तव्य कोणाचं होतं? ते पाळलं गेलं का? नुकसान त्यामुळेच झालं का? इथे कोणाचा हेतू काय होता हे सिद्ध करावं लागत नाही. शर्मिलाच्या साक्षीत यातलं बहुतेक सगळं आहे : कामाची पद्धत, नसलेली साधनं, आधी गेलेला डोळा. तो डोळा तर फार महत्त्वाचा. कारण धोका आधीच दिसलेला होता, ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं म्हणायची सोय त्याने संपवली होती. पण ज्या कोर्टात ती बोलते तिथे कंत्राटदार प्रतिवादी नाही, महापालिका प्रतिवादी नाही. तिचे शब्द कांबळेच्या जामिनाच्या उपयोगी पडतात, आणि तिथेच संपतात. नंतर वकील तिला गाडीतून सोडायला जातो, तेव्हा ती त्याला विचारते ते कामाबद्दल. कुठे काम आहे का? आपण फिर्यादी असू शकतो हे तिला कोणी सांगितलेलंच नाही.

योगायोग असा, की ‘कोर्ट’ व्हेनिसला पोचला त्याच वर्षी, मार्च २०१४मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल दिला. १९९३पासून गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असं त्यात म्हटलं. ऑक्टोबर २०२३मध्ये बलराम सिंग खटल्यात ही रक्कम ३० लाख झाली. त्याआधी २०१३च्या कायद्याने सुरक्षेशिवाय माणसाला गटारात उतरवणं हा गुन्हाच ठरवला होता. पहिल्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

ही ठरावीक रक्कम किती महत्त्वाची आहे हे कळायला मोटार अपघातांतल्या भरपाईचं गणित बघावं. २००९च्या सरला वर्मा निकालानंतर ते जवळजवळ एखाद्या फंक्शनसारखं झालं आहे. वार्षिक उत्पन्न घ्या, माणसाचा स्वतःवरचा खर्च वजा करा, उरलेल्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणा. समजा पवार ३८ वर्षांचा होता आणि महिन्याला ९ हजार कमवायचा. वर्षाचे १ लाख ८ हजार. एक तृतीयांश वजा, उरले ७२ हजार. या वयाचा गुणक १५. झाले १० लाख ८० हजार. भविष्यातल्या वाढीचा हिशेब वेगळा. कोड म्हणून हे सुटसुटीत आहे, दोन न्यायाधीशांची उत्तरं फार वेगळी येणार नाहीत. पण इनपुट बघा. ज्याने आयुष्यभर कमी पगार दिला, त्याला मरणाची भरपाईही कमी द्यावी लागते. आधीचा अन्याय पुढच्या अन्यायावर सवलत म्हणून मिळतो. ठरावीक रकमेने निदान हे मोडलं.

पण तिने दुसरं काहीतरी निसटू दिलं. सरकारी तिजोरीतून चेक निघतो तेव्हा ज्याने माणूस खाली उतरवला त्याच्या खिशातून काही जातंच असं नाही. कुटुंबाला पैसे मिळतात आणि ‘हे तुझ्यामुळे झालं’ हे वाक्य कोणालाच ऐकावं लागत नाही. १९८६च्या ओलियम वायूगळतीच्या निकालात न्यायमूर्ती भगवतींनी म्हटलं होतं की धोकादायक उद्योगाची जबाबदारी निरपवाद असते, आणि भरपाई त्या उद्योगाच्या आकाराला आणि ऐपतीला साजेशी हवी, म्हणजे तिचा धाक राहील. भरपाई ही मदत नाही, ती धोक्याची किंमत आहे, आणि ती धोका निर्माण करणाऱ्यानेच भरायची. मॅनहोलपर्यंत हा विचार अजून पोचायचा आहे.

इथे मला ‘कोर्ट’बद्दलच्या एका नेहमीच्या कौतुकाशी वाद घालायचा आहे. समीक्षक म्हणतात, या सिनेमात खलनायक नाही. खरंच आहे. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते. न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात, बाकावर डुलकी काढतात. सगळे आपापलं काम करतात, आणि एक म्हातारा शाहीर पुन्हा तुरुंगात जातो. आमच्या क्षेत्रात याला जवळची एक पद्धत आहे. सिस्टिम बंद पडली की आम्ही ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ लिहितो. कोणाचं नाव घ्यायचं नाही, फक्त प्रक्रियेत काय चुकलं ते शोधायचं. मी ही पद्धत मानतो. तिच्यामुळे लोक घाबरून चुका लपवत नाहीत. पण तिचं एक गृहीतक आहे : जे लिहितात तेच दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करणार असतात, आणि नुकसान दुरुस्त होण्यासारखं असतं. दुरुस्त करायचा कोणाचाच इरादा नसेल, तर ‘सिस्टिमचं चुकलं’ हे वाक्य फक्त सगळ्यांना घरी जायला मोकळं करतं.

ताम्हाणेचा सिनेमा या धोक्याच्या काठावर उभा आहे. तो इतका समंजस आहे की वासुदेव पवारला खाली पाठवणारा माणूस पडद्यावर कधी येतच नाही. त्याचं घर, त्याची लोकल, त्याची दुपारची झोप आपल्याला दिसत नाही. मला हा दोष वाटतो की सिनेमाचा सर्वांत अचूक निर्णय, याबद्दल माझं मत दोनदा बदललं. आता वाटतं, तो अचूकच आहे, कारण खऱ्या कोर्टातही तो माणूस गैरहजरच राहिला असता. फक्त प्रेक्षकाने ही गैरहजेरी मोजायला हवी. पहिल्यांदा बघताना मी ती मोजली नव्हती.

आणि ती मोजायला लागल्यावर मला एक फाइल आठवली. माझे बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार होते तेव्हा हिशेबाची एक्सेल शीट मी भरायचो. त्यात एका पावसाळ्यात नोंद आहे : ‘चेंबर सफाई, रु. १,२००’. दोन माणसं आली होती. एक चड्डीवर आत उतरला, दुसरा वर बादली ओढत होता. मी गॅलरीतून पाहिलं आणि वास येतो म्हणून खिडकी लावून घेतली. तो सुखरूप वर आला, म्हणून कुठलाही खटला झाला नाही. व्हाउचर शोधून काढलं. ‘कोणास दिले’ या रकान्यात नाव नाही, ‘सफाईवाला’ असं लिहिलं आहे. अक्षर बाबांचं आहे, आणि शीटमध्ये ते जसंच्या तसं मी उतरवलं आहे. २०१३चा कायदा तेव्हा लागू होता. त्यात माणसाला कामाला लावणारा कोण, याचं उत्तर शोधायला मला सिनेमापर्यंत जायची गरज नव्हती.

बाबांना मी हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “सगळेच असंच करतात रे.” त्यांनी नव्या सेक्रेटरींना फोन करून पुढच्या वेळी मशीन मागवायला सांगितलं आहे. खर्च किती येईल, हे सेक्रेटरींनी लगेच विचारलं.