बिल्ला दिला कोणी, मानतो कोण?

आज विद्यापीठांच्या मायक्रोक्रेडेन्शियलबद्दल, म्हणजे छोट्या प्रमाणपत्रांबद्दल आणि त्यांच्यासोबत मिळणाऱ्या डिजिटल बॅजबद्दल बोलायचं आहे. हे काहीतरी अगदी नवीन आहे, असा सूर सध्या लागतो. पण बघा, महाराष्ट्रात असा एक प्रयोग 2001 पासून चालू आहे. त्याचं नाव एमएस-सीआयटी. वसई-विरारमध्येही त्याच्या पाट्या तुम्ही पाहिल्या असतील.

त्या कागदाला किंमत का आली? अभ्यासक्रम अद्भुत होता म्हणून नव्हे. सरकारने अनेक पदांसाठी तो संगणक अर्हता म्हणून मान्य केला, आणि परीक्षा शिकवणाऱ्या केंद्राने न घेता तंत्रशिक्षण मंडळाने घेतली. म्हणजे देणारा, तपासणारा आणि मानणारा, तिघेही ठरलेले होते. मर्यादाही तिथेच दिसते. सगळ्यांकडे तोच कागद आला की तो कौशल्याची खूण उरत नाही, आत शिरायचं तिकीट होतो.

आता डिजिटल बॅज. मोझिलाने ओपन बॅजेसची कल्पना 2011 मध्ये मांडली. चित्राच्या पोटात माहिती ठेवायची : कोणी दिला, कशासाठी दिला, निकष काय, पुरावा कुठे. बॅजचं मोल या माहितीत आहे, चित्रात नाही. निकषाच्या जागी फक्त 'कार्यशाळेस उपस्थित' एवढंच लिहिलं असेल, तर तो हजेरीपटाचा रंगीत उतारा झाला.

श्रेयांकाचा हिशेब मांडू. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात साधारण 30 तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक आहे. दोन दिवसांची, रोज सहा तासांची कार्यशाळा म्हणजे बारा तास. अर्धा श्रेयांकही होत नाही! आणि 2021 पासूनच्या श्रेयांक बँकेत जमा झालेला प्रत्येक श्रेयांक पदवीत धरला जाईलच असंही नाही. पदवी देणाऱ्या संस्थेच्या नियमांत तो बसावा लागतो. जमा झालं म्हणजे वटलं असं नाही. विद्यार्थ्याकडून फी घेण्याआधी हे त्याला स्पष्ट सांगायला हवं. सांगत नसाल, तर माझ्या मते ती फसवणूक आहे.

मग बॅज नकोतच का? तसं मी म्हणत नाही. वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत दहा-दहा वर्षं लेथ चालवणारे कारागीर आहेत. हातात कसब आहे, कागद नाही. दुसरीकडे गेलं की पगाराची बोलणी पुन्हा हेल्परपासून. श्रेयांक आराखड्यात अनुभवालाही जागा ठेवलेली आहे. विद्यापीठाने या माणसाला पुन्हा पहिल्या बाकावर बसवू नये. यंत्रावर उभं करावं, काम बघावं, मोजमाप घ्यावं आणि त्याचा पुरावा बॅजमध्ये ठेवावा. आधी कारखानदारांसोबत बसून निकष ठरवावेत, म्हणजे मानणाराही आधीच ठरतो.

पण असं तपासायला यंत्र, वेळ आणि जाणकार परीक्षक लागतात. ते महाग पडतं. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं आणि वीस बहुपर्यायी प्रश्न स्वस्त पडतात. म्हणून विद्यापीठाने वर्षात किती बॅज वाटले, हा आकडा मला प्रभावित करत नाही. मला विचारायचंय ते एवढंच : त्यातले किती जण परीक्षेत नापास झाले? कोणीच झालं नसेल, तर तपासलं तरी काय?