उपयुक्त शिक्षण : कोणाच्या उपयोगाचे?

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला सादर केलेले निवेदन प्राथमिक शिक्षणाची कैफियत म्हणून ओळखले जाते, आणि ते योग्यच आहे. रयतेच्या करातून जमलेला पैसा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्ची पडतो, ही त्यातील मुख्य तक्रार. परंतु पदवी आणि रोजगार यांचा मेळ घालण्याची भाषा आज सर्वत्र चालू असताना, त्यातील वरच्या शिक्षणाविषयीचा मजकूर पुन्हा वाचला पाहिजे.

सरकारी हायस्कुलांतील शिक्षण रोजच्या जीवनाला उपयोगी नाही. त्यातून कारकून आणि शाळामास्तर तेवढे तयार होतात, असे जोतीराव म्हणतात. एवढ्यावरून त्यांना ‘बाजाराला हवा तसा पदवीधर’ या मताचे आद्य पुरस्कर्ते ठरवण्याचा मोह होतो. तो टाळावा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्या काळी सरकारी कचेऱ्यांना कारकूनच हवे होते. शिक्षण आणि मागणी यांचा मेळ बसलेला होता. जोतीरावांचा आक्षेप त्या मेळावरच आहे. शिकलेल्यांची संख्या शंभरपट वाढावी आणि त्यांनी नोकरीच्या मागे न लागता उपयुक्त, किफायतशीर धंदे करावेत, ही त्यांची अपेक्षा होती.

पनवेलजवळच्या सुकापुरात बसून हे निवेदन वाचले म्हणजे त्याचे बळ आणि उणीव दोन्ही दिसतात. शेजारी सिडकोने वसवलेले नवीन पनवेल आहे. पलीकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ. १९७० नंतर या टापूतील भातशेती आणि मिठागरे नव्या शहरासाठी संपादित झाली. आता विमानतळाला लागणाऱ्या कामांपुरताच अभ्यासक्रम आखला, तर कारकुनाच्या जागी सामान हाताळणारा येईल. शिक्षणाची चाकरी तीच राहील. पण जमीन गेलेल्या घरातील पदवीधराने स्वतंत्र धंद्याचे भांडवल कोठून आणावे? याचे उत्तर निवेदनात नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा व शिका’ योजनेतून एक वाट दाखवली. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचे पनवेलचे महाविद्यालय महात्मा फुल्यांच्याच नावाने चालते. तथापि श्रमाने शिक्षणाचा खर्च भागतो. धंदा उभा राहत नाही. तेव्हा विद्यापीठाकडे रोजगाराचा हिशेब मागणाऱ्यांनी गेलेल्या जमिनीचा हिशेबही सोबत मांडावा. जोतीरावांनी कराच्या पैशाबद्दल विचारलेला प्रश्न अखेर तोच होता.