‘कच्चं मडकं’ ठरवतं कोण? गोरोबाकाकांची कथा आणि आपला संशोधन आराखडा

मराठी विषयातल्या पीएच.डी.च्या आराखड्यांत एक वाक्य हमखास सापडतं : ‘साहित्य समाज घडवतं आणि समाजाला ओळख देतं.’ वाक्य चुकीचं नाही. पण गृहीतक म्हणून ते चालत नाही, कारण ते तपासायचं कसं हे त्यातून कळत नाही. कोणतं साहित्य? कोणता शब्द? ओळख कोणाची? आपल्या धाराशिव जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ या.

तेरचे संत गोरोबाकाका जातीने आणि धंद्याने कुंभार. त्यांनी घेतलेल्या परीक्षेची कथा तुम्ही ऐकलीच असेल. संतमंडळी जमलेली असताना, मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. बाकीचे शांत राहिले, नामदेव मात्र चिडले. निकाल लागला : हे मडकं कच्चं आहे. पुढे नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केलं.

या कथेवर लिहिताना बरेच जण ‘संतांनी समता आणली’ असं म्हणून मोकळे होतात. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. कथेत कुंभार परीक्षक आहे, ही मोठीच गोष्ट. ज्ञानाचा निवाडा तो आपल्या धंद्यातल्या अवजाराने आणि शब्दाने करतो. पण तोच शब्द आपण आज कसा वापरतो, ते बघा. वर्गात अडखळलेल्या पोराला सहज ‘कच्चं मडकं’ म्हटलं जातं. शब्द राहिला, पण परीक्षक बदलला. आता खुर्चीवर बसलेला कोणीही हा निकाल देऊ शकतो.

शब्दाचा अर्थही सरकला आहे. कुंभाराच्या कामात कच्चं म्हणजे टाकाऊ नव्हे. ती भाजण्याआधीची अवस्था. मडकं थापटण्याने ठोकतात ते ओलसर असताना, आकार यावा म्हणून. कच्चं मडकं मोडलं तर माती भिजवून परत चाकावर घेता येते; भाजलेलं फुटलं की खापरंच उरतात. कथेतले नामदेवही पुढे शिकतात. आपल्या बोलण्यात मात्र या शब्दाचा शिक्का झाला.

याचा फटका कोणाला बसतो? घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेल्या, ‘हाय’, ‘न्हाई’ बोलणाऱ्या विद्यार्थ्याला. त्याची भाषा कच्ची ठरते, आणि ती तशी ठरवणारा कधीकधी संतसाहित्यावरच शिकवत असतो!

हे संशोधनात आणायचं तर आधी साधनांचे थर वेगळे करा. गोरोबांचा काळ परंपरेने १२६७ ते १३१७ मानतात. महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२चा. मध्ये जवळजवळ साडेचारशे वर्षं गेली. म्हणून ‘भक्तविजया’तला गोरोबा थेट तेराव्या शतकाचा पुरावा म्हणून वापरू नका, अठराव्या शतकाने त्याला कसं पाहिलं, याचा तो पुरावा आहे. पुढे हीच व्यक्तिरेखा १९४८च्या तमिळ ‘चक्रधारी’ आणि १९७४च्या कन्नड ‘भक्त कुंबार’ या चित्रपटांत गेली. जानेवारी २०२०मध्ये ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्याकडे झालं, तेव्हा संमेलननगरीला गोरोबाकाकांचं नाव होतं. शहराचं अधिकृत नाव त्या वेळी उस्मानाबाद होतं, तेही नोंदवा.

संमेलनाने ओळख दिली हे मान्य. पण ती तेर गावाला, मराठी भाषेला की मडकी घडवणाऱ्या माणसाला? ही तीन वेगळी उत्तरं आहेत, आणि प्रत्येकासाठी पुरावा वेगळा लागेल. तिसऱ्या उत्तरासाठी ग्रंथालय पुरणार नाही. कुंभारकाम करणाऱ्यांकडे जा, ‘कच्चं’ म्हणजे काय ते विचारा, आणि त्यांचं उत्तर तळटीपेत न ढकलता पोथीच्या बरोबरीचं साधन म्हणून मांडा.

मग आराखड्यातलं वाक्य असं होईल : ‘कुंभारकामातला कच्चा हा शब्द संतचरित्रातून रोजच्या मराठीत आला, तेव्हा त्याचा अर्थ आणि तो वापरण्याचा अधिकार कसा बदलला?’ हे तपासता येतं. तुमच्याही विषयातला असा एक शब्द शोधा आणि तो आधी कोणाच्या तोंडी होता, इथपासून सुरुवात करा.