डॉर्फमनला क्लबमध्ये घेतलं असतं का?

रॉबर्ट ऑल्ड्रिचचा 'द फ्लाइट ऑफ द फिनिक्स' (1965) पाहिलेला माणूस तुम्हाला त्यातला एक प्रसंग हमखास सांगतो. सहारात कोसळलेलं मालवाहू विमान, संपत आलेलं पाणी, आणि हाइनरिख डॉर्फमन नावाचा चष्मेवाला जर्मन, जो म्हणतो की या भंगारातून दुसरं छोटं विमान बनवता येईल. त्याच्या शब्दावर माणसं रात्र-रात्र राबतात. विमान जवळजवळ उभं राहतं. आणि मग सहज बोलता बोलता पायलट टाउन्स आणि त्याचा साथीदार मोरान यांना कळतं की डॉर्फमनची कंपनी मॉडेल विमानं बनवते. म्हणजे लोक छंद म्हणून उडवतात ती. (पुढे स्पॉयलरच स्पॉयलर आहेत. सिनेमा साठ वर्षांचा आहे, एवढी सूट मिळावी.)

या प्रसंगाला लोक हसतात. हसू येतंच, कारण जेम्स स्टुअर्ट आणि रिचर्ड ॲटनबरो यांचे चेहरे अफाट आहेत. पण मी हा सिनेमा पाहिला तो पुण्याबाहेरच्या एका आरसी विमानांच्या क्लबमध्ये जायला लागल्यावर. रविवारी सहा वाजता थर्माकोलचे पंख स्कूटरला बांधून निघालो की घरचे ज्या सुरात 'निघाला विमानं उडवायला' म्हणतात, तोच सूर मोरानच्या हसण्यात ऐकू आला. त्यामुळे मी हसलो नाही. डॉर्फमनचं म्हणणं खरं आहे का, हे तपासावंसं वाटलं.

त्याचं म्हणणं असं: खेळणं वेगळं, मॉडेल वेगळं. तत्त्वं तीच असतात. उलट मॉडेलमध्ये चूक सावरायला आत कोणी बसलेलं नसतं, म्हणून ते मुळातच स्थिर असावं लागतं. तो हे अपमान झाल्यासारखा बोलतो. आपण काही लपवलं होतं असं त्याला वाटतच नाही, आणि ते खरंही आहे. त्याला कोणी नीट विचारलेलंच नव्हतं.

इतिहास त्याच्या बाजूने आहे. जॉन स्ट्रिंगफेलोने 1848 मध्ये इंग्लंडमधल्या चार्ड गावी वाफेच्या इंजिनावर उडवलं ते मॉडेलच होतं. 1871 मध्ये पॅरिसमध्ये अल्फोन्स पेनोने रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान उडवलं, तेव्हा 'आपलं आपण सरळ उडणारं यंत्र' ही गोष्ट लोकांनी डोळ्यांनी पाहिली. राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी आणून दिलेलं उडतं खेळणं याच पेनोच्या रचनेवर बेतलेलं होतं. म्हणजे माणूस हवेत गेला तो मॉडेलचा हात धरून. आमच्या क्लबमध्ये नव्या माणसाला जे ट्रेनर विमान घ्यायला सांगतात त्याचे पंख वरच्या बाजूला बसवलेले आणि टोकांकडे किंचित उचललेले असतात. एक पंख कलला की विमान त्या बाजूला घसरतं, खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते स्वतःच सरळ होतं. दोन्ही स्टिक सोडून बघा, विमान तुमच्यापेक्षा बरं उडतं. डॉर्फमन हेच सांगतोय.

पण 'तत्त्वं तीच' हे वाक्य अर्धंच खरं आहे. विमान दुप्पट मोठं केलं तर पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन साधारण आठपट. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस इंचावर दुप्पट भार. कागदावर नुसता स्केल बदलून भागत नाही. हवासुद्धा छोट्या पंखाशी आणि मोठ्या पंखाशी सारखी वागत नाही. डॉर्फमनला हे माहीत नसेल असं मी म्हणत नाही. माझी तक्रार पटकथेशी आहे. पूर्ण सिनेमात हा प्रश्न त्याला विचारणारं एक पात्र नाही. टाउन्स चिडतो, मोरान हताश होऊन हसतो, पण 'भार किती येतोय, दाखव' असं कोणी म्हणत नाही. एवढी माणसं त्या विमानाच्या पंखांवर आडवी झोपून उडणार आहेत आणि आकडेमोड एकाच माणसाच्या वहीत आहे. मी ज्या ऑफिसात कोड लिहितो तिथे दुसऱ्याने पाहिल्याशिवाय चार ओळी पुढे जात नाहीत, आणि त्या बिघडल्या तर मागे घेता येतात. इथे मागे घेण्याची सोय नाही.

सिनेमा टाउन्सच्या भीतीला जुन्या पायलटचा अहंकार समजतो. मला ती साधी रास्त भीती वाटते.

क्लबमध्ये गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की तुमची डिग्री कोणी विचारत नाही. तुमचं विमान मात्र लगेच दुसऱ्याच्या हातात जातं. कोणीतरी काका पंखांखाली दोन बोटं लावून विमान तोलतात आणि वजन नेमकं कुठे आहे ते बघतात. मग म्हणतात, 'स्टिक उजवीकडे घे.' उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे, डावा खाली. वायर उलटी जोडली गेली तर जमिनीवर काहीच कळत नाही, हवेत गेल्यावर दोन सेकंदांत कळतं. मग रेंज तपासायची. सिग्नल तुटला तर मोटर बंद होते का ते बघायचं. नव्या विमानाचं पहिलं उड्डाण बहुतेक वेळा मालक करतच नाही, अनुभवी हात करतो.

हे नुसते शिस्तीचे सोपस्कार नाहीत. पूर्वी एकाच चॅनेलवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केले की हवेतलं विमान खाली यायचं. म्हणून मैदानावर फळा असे, आणि ज्याच्याकडे त्या चॅनेलची पिन त्यानेच उडवायचं. आता 2.4 गिगाहर्ट्झवर ती अडचण राहिली नाही, पण सवय राहिली: तुझ्या चुकीने माझं विमान पडू शकतं, म्हणून तू काय करतोयस हे मला माहीत पाहिजे.

आणि शिकवायची पद्धत. दोन ट्रान्समीटर जोडलेले, एक शिकणाऱ्याकडे, एक शिकवणाऱ्याकडे. शिकवणाऱ्याने एक स्प्रिंगचा खटका दाबून धरला असेल तोवरच तुमच्या स्टिक चालतात. त्याने बोट उचललं की विमान त्याचं. विमान तोंड करून तुमच्याकडे येतं तेव्हा उजवं-डावं उलटं होतं आणि मेंदूचा पार भुगा होतो. त्या वेळी शेजारून शांत आवाज येतो, 'जो पंख खाली गेलाय, त्या बाजूला स्टिक दे.' नाही जमलं तर खटका सुटतो. कोणी रागावत नाही.

असा खटका डॉर्फमन आणि टाउन्समध्ये नाही, म्हणून सिनेमातला सगळा ताण आहे. तो सर्वात सुंदर दिसतो इंजिन सुरू करण्याच्या प्रसंगात. स्टार्टरसाठी सात काडतुसं उरलीत. चार वाया जातात. मग टाउन्स ठरवतो की एक काडतूस इग्निशन बंद ठेवून उडवायचं, नुसतं सिलिंडर साफ करायला. डॉर्फमन किंचाळतो. त्याच्या हिशेबात हा शुद्ध वेडेपणा आहे. मोजक्या काडतुसांतलं एक फुकट. टाउन्स ऐकत नाही. पुढच्या काडतुसाला इंजिन धडधडतं. माझ्या मते सिनेमाचं खरं उत्तर इथे आहे, मॉडेलच्या वादात नाही. ड्रॉइंग बरोबर असू शकतं आणि तरीही इंजिनाचा स्वभाव ड्रॉइंगमध्ये नसतो. दोघांनाही एकमेकांशिवाय गत्यंतर नाही, आणि दोघांनाही ते मान्य करायचं नाही. ऑल्ड्रिच हे एकही भाषण न देता दाखवतो.

मग मॉडेलच्या प्रसंगात तो का घसरला? मला वाटतं, डॉर्फमनला जर्मन केल्यामुळे. एलेस्टन ट्रेव्हरच्या 1964 च्या मूळ कादंबरीत हा माणूस स्ट्रिंगर नावाचा इंग्रज आहे. सिनेमाने त्याला जर्मन केलं आणि युद्धाची जुनी अढी आयती मिळाली. हार्डी क्रुगरने काम झकास केलंय, ताठ मानेचा, चिडका, पाणी चोरून प्यायल्याचं पकडलं गेल्यावरही हिशेबच मांडणारा. पण त्यामुळे अविश्वासाला एक सोपं कारण मिळालं. 'हा कोण आहे' या प्रश्नात 'याचं कोणी तपासलंय का' हा प्रश्न हरवला. 2004 चा रिमेक गोबीच्या वाळवंटात नेऊन याला नुसता आवाज जोडतो, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

तर डॉर्फमनला क्लबमध्ये घेतलं असतं का? आनंदाने. दुसऱ्याच रविवारी त्याने सगळ्यांचे गुरुत्वमध्य चुकीचे आहेत असं सांगितलं असतं, आणि निम्म्यांचे खरंच असते. त्याच्या विमानाखाली मात्र कोणीतरी दोन बोटं लावलीच असती.

शूटिंगसाठी डॉर्फमनचं विमान खरोखर बांधलं होतं, माणूस बसून उडवेल एवढं. रचना ऑटो टिम यांची, उडवणारे पॉल मँट्झ, हॉलिवूडमधले नावाजलेले स्टंट पायलट. 8 जुलै 1965 ला यूमाजवळच्या वाळवंटात जमिनीला टेकून पुन्हा उठण्याचा शॉट घेताना विमान मधोमध मोडलं. मँट्झ गेले, सोबतचे स्टंटमन बॉबी रोझ जखमी झाले. उरलेल्या शॉट्ससाठी दुसरं एक जुनं विमान, ओ-47, वेश बदलून वापरलं. सिनेमाचं शेवटचं उड्डाण पॉज करत करत बघा. पडद्यावर उडणारं विमान मध्येच बदलतं. आणि मग मँट्झ यांच्या स्मरणाची पाटी येते.