लष्करी कमरपट्ट्यांचे संग्रह आणि त्यांची वर्णनभाषा

जुन्या लष्करी अधिकाऱ्यांच्या समारंभी पोषाखातील कमरपट्टे, कमरबंद आणि तलवारीची पडदळी जमविण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत चांगलाच रुजलेला आहे. या छंदाचा भाषाशास्त्राशी काय संबंध, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संबंध येतो तो संग्रहांच्या आणि लिलावांच्या सूचींमुळे. पुढील काळचा अभ्यासक बहुधा मूळ वस्तू पाहत नाही. तो तिचे वर्णन वाचतो आणि त्यावरून निष्कर्ष काढतो. म्हणून या वर्णनांची भाषा तपासून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात हा विचार ब्रिटिश पायदळाच्या अधिकाऱ्यांच्या पट्ट्यांपुरता मर्यादित ठेवला आहे.

अशा सूचीतील नोंद बहुधा एकाच साच्याची असते. धातू कोणता, लांबी किती, बकलावर चिन्ह कोणते, वस्तू कितपत चांगल्या अवस्थेत आहे, आणि किंमत काय अपेक्षावी, एवढे सांगितले की नोंद पुरी झाली. यातील एकही बाब निरुपयोगी नाही. परंतु सगळ्या मिळूनही त्या पट्ट्याचा अर्थ सांगत नाहीत. एखाद्या ध्वनीच्या उच्चाराचे वर्णन कितीही बारकाईने केले, तरी तो कोणत्या ध्वनीहून वेगळा पडतो हे कळल्याखेरीज त्याचे भाषेतील कार्य कळत नाही. ‘ताट’ आणि ‘थाट’ हे शब्द निराळे ठरतात ते त आणि थ यांच्यातील विरोधामुळे. गणवेश हीदेखील अशीच विरोधांवर उभारलेली व्यवस्था होय.

उदाहरणार्थ, जरीच्या फितीचा रंग घ्या. १८३० पूर्वी ब्रिटिश पायदळाच्या काही पलटणींची फीत सोनेरी असे, काहींची रुपेरी. त्या वर्षी चौथ्या विल्यमच्या कारकीर्दीत नियमित सैन्याला सोनेरी आणि मिलिशियाला रुपेरी, अशी विभागणी झाली. त्यामुळे रुपेरी फितीचा अर्थच पालटला. आधी ती एका पलटणीला दुसरीपासून वेगळे दाखवीत होती. नंतर ती सैन्याच्या एका वर्गाला दुसऱ्यापासून वेगळे दाखवू लागली. ‘रुपेरी फितीचा पट्टा’ एवढीच नोंद करणारा सूचीकार यांपैकी काहीही सांगत नाही.

येथे एक व्यावहारिक धोकाही संभवतो. या फितीतील धागा म्हणजे सोन्याचे पाणी दिलेली रुप्याची तार रेशमावर गुंडाळून केलेले सूत. पैठणी पाहिलेल्या वाचकाला ‘कलाबतू’ म्हटले की ते लगेच समजेल. वापराने वा घासण्याने वरचे सोने झिजले की आतील रुपे उघडे पडते. गंधकयुक्त हवेने काळवंडलेला पट्टा उजळविण्याच्या हौसेने संग्राहक तो घासतो, आणि मूळचा सोनेरी पट्टा कालांतराने रुपेरी दिसू लागतो. मग त्याची गणना मिलिशियात होते. चकाकी आली, पण पुरावा गेला. आणि गेलेला पुरावा कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

दुसरे उदाहरण पट्टा धारण करण्याच्या रीतीचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायदळाचा अधिकारी आपला किरमिजी रेशमी पट्टा डाव्या खांद्यावरून घेई आणि सार्जंट उजव्या खांद्यावरून. सॉमरसेट येथील हलक्या पायदळाचे सार्जंट मात्र तो अधिकाऱ्यांप्रमाणे डाव्या खांद्यावरून घेत. १७४६ च्या कलोडनच्या लढाईत त्यांनी बजावलेल्या कामगिरीचा तो मान, असे पलटणीची परंपरा सांगते. मेजावर पसरून ठेवलेल्या पट्ट्याला डावा वा उजवा खांदा नसतो. तो कसा धारण केला जाई हे सूचीनेच सांगितले पाहिजे.

बकलावरील मुकुटाच्या बाबतीत तर संग्राहकांची परिभाषाच संदिग्ध आहे. ‘राणीचा मुकुट’ म्हणजे १९०१ पर्यंतचा व्हिक्टोरियाकालीन मुकुट की १९५२ नंतरचा दुसऱ्या एलिझाबेथचा? दोन्ही आकृती भिन्न. नाव मात्र एक. मधल्या अर्धशतकातील ट्यूडर घाटाचा मुकुट ‘राजाचा’ म्हणून ओळखला जाई. २०२२ मध्ये तिसऱ्या चार्ल्सने तोच घाट पुन्हा स्वीकारल्याने तेही नाव आता निःसंदिग्ध राहिलेले नाही. भाषेत अशा शब्दांचा अर्थ संदर्भाने लागतो. एका पलटणीचे बकल दुसरीच्या पट्ट्याला जोडून नग ‘पूर्ण’ करण्याची चाल जेथे आहे, तेथे तो संदर्भच कृत्रिम असतो.

वस्तूचे वर्णन किती बोलके होऊ शकते याचेही एक उदाहरण देतो. १७५५ साली अमेरिकेत मोनोंगाहेलाच्या लढाईत जनरल ब्रॅडॉक प्राणांतिक जखमी झाला. परंपरा अशी की त्याला त्याच्याच रेशमी पट्ट्याची झोळी करून रणांगणातून नेण्यात आले. पुढे तो पट्टा जॉर्ज वॉशिंग्टनकडे आला आणि आज माउंट व्हर्नन येथे आहे. त्यात १७०९ हे साल विणलेले आहे. त्या काळचे असे पट्टे आडवा बाणा न घालता, ताण्याचेच धागे एकमेकांत गुंफून करीत. त्यामुळे ते जाळीसारखे ताणून रुंद होत. ही वीण सांगितली की झोळीची गोष्ट शक्यतेच्या कक्षेत येते. ‘लाल रेशमी पट्टा’ एवढेच म्हटले, तर ती केवळ आख्यायिका राहते.

मराठीत असे वर्णन करू जाणारा लेखक बहुधा सर्वत्र ‘पट्टा’ हा एकच शब्द योजतो. वास्तविक कंबरेभोवती गुंडाळावयाचे वस्त्र तो कमरबंद, तलवार अडकविण्यासाठी खांद्यावरून घ्यावयाचे ते पडदळे, आणि बकलाचा तो कमरपट्टा, हे भेद आपल्यापाशी आहेत. फारसीतून आलेला ‘कमरबंद’ हिंदुस्थानातूनच इंग्रजीत गेला. इंग्रज ज्याला ‘सॅश’ म्हणतात तो शब्दही मुळात पागोट्याच्या तलम कापडाचे अरबी नाव होय. ज्या भाषांकडून शब्द घेतले गेले, त्यांतील एका भाषेच्या अभ्यासकाने वर्णनाच्या वेळी मुके व्हावे, हे उचित नव्हे.

संग्राहकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यांनी जपले नसते तर यांतील कितीतरी पट्टे जर वितळविण्यासाठी मुशीत गेले असते. आक्षेप आहे तो निवडीवर. अधिकाऱ्याचा पट्टा जपला जातो. सार्जंटाचा लोकरी पट्टा क्वचित. आणि ज्याची ओळखच पट्ट्याने होई त्या शिपायाचा तर जवळजवळ नाहीच. मुंबई इलाख्यातील कचेरीच्या शिपायाला ‘पट्टेवाला’ म्हणत, आणि १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तो शब्द नोंदलेला आहे. अधिकाऱ्याचा पट्टा त्याचा दर्जा सांगे, पट्टेवाल्याचा पट्टा त्याची चाकरी. एकावाचून दुसऱ्याचा अर्थ पुरता लागत नाही. कोशाने पट्टेवाल्याचा शब्द राखला; संग्रहांनी त्याचा पट्टा राखावयाचे काम अद्याप व्हावयाचे आहे.