परदेशातील विद्यार्थी : एक रात्र आणि तीन वर्षे

सज्जाद जहीर यांची ‘लंदन की एक रात’ ही उर्दू कादंबरिका १९३८ साली प्रसिद्ध झाली. तरक्कीपसंद चळवळीचा इतिहास सांगताना तिचे नाव आदराने घेतले जाते. आम्हाला मात्र ती आज वेगळ्या कारणाने पुन्हा वाचावीशी वाटली. परदेशी शिकायला गेलेल्या मुलाचे जगणे आपल्या अदबात कसे उतरले आहे, हे तिच्यावरून तपासता येते.

लेखक स्वतः ऑक्सफर्डला शिकलेले आणि वडील लखनौचे मोठे न्यायाधीश, सर वजीर हसन. त्यामुळे ज्या वर्गाचे चित्र त्यांनी काढले तो त्यांच्या घरातलाच होता. आझम भुयारी रेल्वेच्या स्टेशनाबाहेर जेनची वाट पाहत उभा आहे. अभ्यास मागे पडतो आहे, परीक्षा जवळ येते आहे, आणि त्याचे लक्ष घड्याळात आहे. पुढे राव भेटतो, पबमध्ये इंग्रज कामगारांशी गाठ पडते, आणि रात्री नईमच्या खोलीत हिंदी विद्यार्थ्यांचा मेळावा जमतो. कोणी आयसीएसची स्वप्ने पाहतो, कोणी क्रांतीच्या गप्पा मारतो. बापाच्या पैशावर लंडनमध्ये राहायचे आणि गुलामीची चीडही बाळगायची, ही कोंडी लेखकाने निर्भीडपणे दाखवली आहे. पात्रांच्या मनात शिरून लिहिण्याची त्यांची रीत उर्दूत त्या काळी नवीनच होती. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

पण आमची एक तक्रार आहे. एका रात्रीत बोलणे मावते, दिनक्रम मावत नाही. या मुलांचे कपडे कोण धुते, महिनाअखेर काय होते, आजारपणात उशाशी कोण बसते, हे या कथेत शोधावे लागते. घर आणि आई कडेला राहतात. दुरावा हा येथे विचारांचा विषय आहे, रोजच्या जगण्याचा नाही.

ही उणीव मराठीत एका अठरा वर्षांच्या मुलीने पन्नास वर्षे आधीच भरून काढली होती. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रातून आनंदीबाईंची पत्रे वाचायला मिळतात. थंडी, शाकाहार, लुगड्याची नेसण, प्रकृतीची कुरकुर, अभ्यासाचा ताण असे साधेच विषय. टपाल आगबोटीने जायचे, एका पत्राचे उत्तर यायला महिने लागायचे. तोवर प्रश्न विचारणारीचे दिवस पुढे सरकलेले असत. लेखिका होण्याचा कोणताही आव नसताना या पत्रांत परदेशातली तीन वर्षे दिवसागणिक उभी राहतात.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. गोपाळराव दुरून संशयाची, टोचणारी पत्रे लिहितात, तेव्हा आनंदीबाई लहानपणी त्यांच्याकडून झालेल्या मारहाणीची आठवण त्यांना लिहून कळवतात. भाषा अदबीची आहे, पण जे सांगायचे ते सांगितलेच आहे. समोरासमोर हे शब्द तोंडून निघाले असते का? आम्हाला शंका वाटते. दुरावा म्हणजे फक्त विरह, असे आपण धरून चालतो. या पत्रांत मात्र दुराव्याने तिला जबान दिली. टीकाकारांनी आनंदीबाईंच्या धैर्याचे पोवाडे खूप गायले. त्या धैर्याला अंतराचीही मदत झाली, याकडे लक्ष कमी गेले.

म्हणून आमचे मत असे, की ‘लंदन की एक रात’ कला म्हणून श्रेष्ठ असली तरी परदेशी शिकणाऱ्याचे खरे जगणे कळायला ती पत्रेच अधिक उपयोगी आहेत.

हा वाद जुन्या पुस्तकांपुरता नाही. आज लहान गावांतली मुले वैद्यकीय शिक्षणासाठी बिश्केकला जातात. २०२२ साली युक्रेनमधून मुलांना परत आणावे लागले. मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला, तेव्हा इकडे आयांनी रात्रभर मोबाइल हातातून सोडला नाही. आता चेहरा रोज दिसतो. पण पडद्यावर आईला हसून दाखवायचे आणि फोन ठेवल्यावर काय ते आपले आपण सोसायचे, हा नवा दुरावा आहे, आणि तो आगबोटीच्या टपालापेक्षा सोपा आहे असे आम्हाला वाटत नाही.

आमच्या उर्दू शाळांतल्या मुलींचे पालक विचारतात, पोरीला इतक्या लांब कसे पाठवायचे? त्यांना उपदेशाचे भाषण नको आहे. तिथला एक साधा दिवस कसा जातो, हे त्यांना कळायला हवे. मुस्लिम मराठी लेखकांनी विरहाच्या गजला पुष्कळ लिहिल्या. आता परदेशी गेलेल्या मुलामुलींनी आपल्या खोलीचा, चुलीचा, खर्चाचा आणि न पाठवलेल्या पत्रांचा हिशेब मराठीत लिहावा. तो कच्चा असला तरी चालेल, खरा असावा.