समग्र व्यक्ती आणि तिचे मापन

पौगंडावस्थेच्या अभ्यासात ‘समग्र व्यक्ती’ हा शब्दप्रयोग आता रूढ झाला आहे. त्यामागील पद्धतीची चिकित्सा मात्र क्वचितच होते. या विचाराचे प्रमुख पुरस्कर्ते स्वीडिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅग्नुसन होत. ओरेब्रू शहरातील शाळकरी मुलांचा, त्यांच्या प्रौढपणापर्यंत पाठपुरावा करणारा अभ्यास त्यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास आरंभिला. त्यांचा आक्षेप मूलगामी होता. चलांमधील सहसंबंध हे समूहाविषयीचे विधान असते. एखाद्या मुलाच्या ठायी ती चले एकत्र कशी नांदतात, हे त्यावरून कळत नाही.

हा आक्षेप केवळ तात्त्विक नव्हे, हे लार्स बर्गमन यांच्यासह त्यांनी केलेल्या विश्लेषणावरून दिसते. १३ वर्षांच्या मुलग्यांमधील आक्रमकता, चळवळेपणा, एकाग्रतेचा अभाव, अभ्यासाविषयी अनास्था, कुवतीपेक्षा कमी यश आणि सवंगड्यांशी बिघडलेले संबंध अशी सहा लक्षणे घेऊन त्यांनी गट पाडले. आक्रमकतेचा पुढील आयुष्यातील गुन्हेगारीशी व मद्यासक्तीशी असलेला संबंध प्रचलित पद्धतीने स्पष्ट दिसे. परंतु अनेक लक्षणे एकवटलेली थोडी मुले वगळताच तो जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे जो दोष सर्वच आक्रमक मुलांच्या माथी मारला जात होता, तो वस्तुतः मूठभरांच्या विशिष्ट लक्षणसमुच्चयाशी निगडित होता. एका गुणांकाच्या आधारे मुलांवर शिक्का मारणाऱ्यांनी, आणि तसे प्रबंध मान्य करणाऱ्यांनीही, या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करू नये.

तथापि येथे ‘समग्र’ ते काय? लक्षणांपैकी बहुतेक शिक्षकांच्या नजरेतून आलेली. घर, शेजार, शारीरिक वाढ यांचा त्यांत मागमूस नाही. क्लस्टर-विश्लेषणाने हाती येतो तो प्रकार, व्यक्ती नव्हे. सहा मापनांची एकत्र मांडणी एकेका मापनाहून बोलकी खरी. पण तिला पूर्ण माणूस म्हणणे अतिशयोक्तीचे होय.

याच प्रकल्पातील मुलींचा जो अभ्यास होकान स्टाटिन व मॅग्नुसन यांनी १९९०मध्ये ग्रंथरूपाने मांडला, तो या दृष्टीने सरस ठरतो. लवकर वयात आलेल्या मुली १४-१५व्या वर्षी मद्यपान व नियमभंग अधिक करीत; परंतु ज्यांची वयाने मोठ्या मित्रमैत्रिणींत ऊठबस नव्हती, त्यांच्यात हा फरक फारसा आढळला नाही. प्रौढपणी मद्यपानातील भेद ओसरला, शिक्षणातील पिछाडी मात्र राहिली. शरीर, सोबत आणि काळ हे तिन्ही धागे येथे एकत्र धरले गेले, म्हणून मुलगी थोडीतरी दिसते. मोठ्यांच्या सोबतीला तिने स्वतः कोणता अर्थ दिला, हे जाणण्यास मात्र प्रश्नावली अपुरी पडते. तेथे दीर्घ मुलाखतीचीच वाट धरावी लागेल.